सोन्याचं घोडुकलं आणि काचेचा राजा

म्युनिकच्या पूर्वेला साधारण ९० किलोमीटरवर आल्टओटिंग नावाचं गाव आहे. बव्हेरियातल्या कॅथलिकांचं ते पंढरपूरच म्हणा. पायी चालत येणारे यात्रेकरू, छोट्याशा देवळाच्या बाहेरच्या भिंतींवर दाटीवाटीने लावलेली नवसाची चित्रं, आणि आत काळी मेरी. या गावाच्या खजिनाघरात काचेच्या पेटीत एक वस्तू ठेवली आहे. उंची ६२ सेंटिमीटर, म्हणजे घरातल्या टेबलफॅनहून जराशी जास्त. जर्मन लोक तिला 'गोल्डेनेस रोसल' म्हणतात. मराठीत सांगायचं तर सोन्याचं घोडुकलं.

तिला दोन मजले आहेत. वरच्या मजल्यावर सोन्याच्या जाळीदार मांडवाखाली मेरी बाळ येशूला घेऊन बसली आहे. मांडवात फुलांच्या जागी मोती, लाल नावाचं तांबडं रत्न आणि नीलम. तिच्या डोक्यावर दोन देवदूत मुकुट धरून आहेत, पायाशी तीन संत आहेत आणि तिघंही लहान मुलांच्या रूपात. एका बाजूला एक राजा गुडघे टेकून हात जोडून बसला आहे, दुसऱ्या बाजूला एक सरदार त्याचं शिरस्त्राण हातात धरून तसाच गुडघ्यावर. खालच्या मजल्यावर मात्र देवाधर्माचं काहीच नाही. तिथे एक मोतद्दार राजाचा घोडा लगामाने धरून उभा आहे. मालक वर दर्शनाला गेला आहे, हा खाली थांबलाय. देवळाबाहेर गाडीपाशी थांबलेला ड्रायव्हर आठवावा, इतकं ते ओळखीचं आहे.

वरचा एवढा थाट सोडून लोकांनी वस्तूला नाव दिलं ते या खालच्या घोड्यावरून. आणि नाव 'सोन्याचं' असलं तरी घोडा पांढराशुभ्र आहे! आत सोनं आहे, पण अंगभर पांढरं कातडं चढवलेलं. हे कातडं म्हणजे रंग नव्हे. ती काच आहे. सोन्याच्या घोड्यावर काच कशी चढवली, आणि सव्वासहाशे वर्षं होत आली तरी ती कशी टिकली, हे या लेखात सांगायचं आहे. टिकण्याची गोष्ट करण्यापेक्षा जास्त चमत्कारिक आहे, म्हणून ती मागून सांगतो.

मिना म्हणजे नेमकं काय

आपण ज्याला मिना म्हणतो ती रंगीत काचच असते. वाळू, शिसं आणि क्षार एकत्र वितळवून काच करायची, त्यात रंगासाठी धातूंची भस्मं घालायची. कोबाल्टने निळा येतो, तांब्याने हिरवा, मँगनीजने जांभळा. थंड झालेली काच खलात कुटून बारीक पूड करायची, पाण्याने धुऊन गढूळपणा काढायचा, आणि ओलसर पूड धातूवर लावायची. वाळली की भट्टीत. साधारण ७०० ते ८५० अंश सेल्सियसला पूड वितळते, पसरते, धातूला धरते आणि गुळगुळीत थर तयार होतो. काम अवघ्या काही मिनिटांचं, पण जरा जास्त वेळ राहिलं की रंग बिघडला. एका रंगाला एक भाजणी पुरत नाही, आणि रंग तर अनेक.

घोड्याचा पांढरा रंग कथलाचा आहे. कल्हईवाला भांड्याला लावतो तेच कथील. ते जाळलं की पांढरी राख होते. ही राख काचेत पूर्ण विरघळत नाही, तिचे सूक्ष्म कण काचेत तरंगत राहतात आणि प्रकाश चहूकडे उधळतात. दूध पांढरं दिसतं ते असंच, त्यात स्निग्धाचे बारीक थेंब तरंगत असतात म्हणून. त्यामुळे पांढऱ्या मिन्याला दुधाची झाक असते. चुन्याची किंवा रंगाच्या डब्याची नव्हे. १४०० च्या सुमारास पॅरिसमधल्या बड्या लोकांना याच पांढऱ्याचं वेड लागलं होतं. चेहरे, हात, घोडे, हंस, मेरीचे झगे, सगळं पांढरं.

लाल रंगाची कथा वेगळी. पांढरा अपारदर्शक, तर लाल पारदर्शक. त्यातून खालचं सोनं चमकलं पाहिजे. हा लाल तांब्यापासूनच येतो, ज्या तांब्यापासून हिरवाही येतो. भट्टीतल्या हवेत प्राणवायू किती आहे यावर लाल मिळणार की हिरवट-तपकिरी चिखल, हे ठरतं. थर्मामीटर नाही, घड्याळ नाही. कारागीर निखाऱ्याच्या रंगावरून अंदाज बांधायचा. जुन्या फ्रेंच कामात नितळ लाल दिसला की जाणकार तिथेच थबकतात ते यामुळे.

आता धातूवर काच बसवायच्या पद्धती बऱ्याच आहेत. धातूत खळगे खोदून त्यात मिना भरणं ही एक. बारीक तारा उभ्या चिकटवून त्यांचे वाफे करायचे आणि वाफ्यात रंग भरायचे ही दुसरी. आपल्याकडचा मिना बहुतेक पहिल्या जातीचा, खोदून भरलेला. तो इथे कसा रुजला यावर अभ्यासकांचा बराच खल चालतो, पण युरोपी वाटेचा त्यात हात असावा असं मानणारे पुष्कळ आहेत. अकबराने १५७५ साली हाजी हबीबुल्ला याला गोव्याला पाठवलं होतं, तिकडच्या युरोपी कलाकुसरी शिकून या म्हणून. तो परतला तेव्हा बरोबर कारागीर होते, नवलाईच्या वस्तू होत्या आणि चर्चमध्ये वाजवतात तो ऑर्गनही होता. अबुल फजलच्या 'आइने अकबरी'त कारागिरांच्या यादीत मिनाकार आहेच. थेट धागा जोडून दाखवता येत नाही, पण गोव्याच्या बंदरातून बऱ्याच गोष्टी आत आल्या, त्यात हीही असेल असं मला वाटतं.

पॅरिसचं काम मात्र या दोन्हींपेक्षा अवघड होतं. त्याला फ्रेंचमध्ये 'एमाय आँ रोंद बोस' म्हणतात, म्हणजे चहूबाजूंनी घडवलेल्या मूर्तीवर चढवलेला मिना. सपाट पत्र्यावर खळगा असतो, खळग्याला काठ असतो, काच वितळली तरी कुठे जाणार? घोड्याच्या पोटाखाली काठ नाही. ओली पूड तिथून घसरते, वितळली की ओघळते. म्हणून कारागीर सोन्याच्या अंगावर टोचणीने बारीक ओरखडे काढून ते खरबरीत करायचे, पाटा टाकीने टाकवतात तसं. मग काचेला पकड मिळते. थर पातळ, पुन्हा पुन्हा, प्रत्येक वेळी भाजून.

दुसरी अडचण तापण्या-निवण्याची. धातू आणि काच तापली की दोन्ही फुगतात, निवली की आकसतात, पण सारख्या प्रमाणात नाही. सोनं जास्त आकसतं, काच कमी. हा फरक फार झाला तर काच तडकते किंवा टरफलासारखी सुटते. त्यामुळे ज्या धातूवर जी काच चालेल तिचं मिश्रण कारागिराला अनुभवाने जमवावं लागे. तरी नाक, बोटं, वस्त्रांच्या घड्यांच्या कडा अशा टोकदार जागा कायम धोक्याच्या. जुनी मूर्ती पाहताना मी आधी बोटांकडे बघतो. मिना उडून सोनं उघडं पडलं असेल तर बहुधा तिथेच.

मूर्ती आतून पोकळ असते, कारण भरीव सोनं परवडायचं कुणाला, राजालासुद्धा. पण पोकळ आणि बंद वस्तू भट्टीत घातली तर आतली हवा तापून ती फुटेल. म्हणून कुठेतरी, न दिसेल अशा जागी, हवेला वाट ठेवावी लागते. आणि सोनंच का, चांदी किंवा तांबं का नाही, तर चोख सोनं भट्टीत काळवंडत नाही. ते वितळतं १०६४ अंशाला, काच त्याच्या बरीच आधी. मध्ये कारागिराला श्वास घ्यायला जागा मिळते. आल्टओटिंगच्या वस्तूत माणसं, देवदूत, घोडा सोन्याचे आहेत, खालचा चौथरा मात्र सोन्याचा मुलामा दिलेल्या चांदीचा. काटकसर तेव्हाही होती.

आता यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, आणि ती मला पुस्तकातून कळली नाही. आईचं लग्नातलं एक पेंडंट आहे, मिन्याच्या मोराचं. काही वर्षांपूर्वी त्याची कडी तुटली म्हणून ते एका सोनाराकडे दिलं. त्याने कडीला डाख दिला, म्हणजे ज्योतीने सोन्याचा सांधा जोडला. संध्याकाळी पेंडंट घरी आलं तेव्हा कडी पक्की होती आणि मोराच्या पिसाऱ्यातली दोन निळी पिसं गायब. आईने विचारलं तर तो म्हणाला, "मिन्याच्या जिनसेला डाख चालत नाही ताई, मिना आहे हे आधी सांगायला हवं होतं." जणू मोर त्याला दिसलाच नव्हता.

पण बोलला ते खरं होतं. एकदा मिना चढला की त्या वस्तूला पुन्हा डाख देता येत नाही, ज्योत लागली की काच तडकते. म्हणजे ६२ सेंटिमीटरची, दहा-बारा आकृत्यांची, दोन मजल्यांची वस्तू करायची तर कामाचा क्रम आधीच डोक्यात पक्का हवा. जितकं डाख देऊन जोडायचं ते सगळं आधी जोडायचं, तेही भट्टीच्या उष्णतेत सुटणार नाही अशा कडक डाखाने. मग मिना. आणि त्यानंतरची सगळी जोडणी थंड: खिळ्या, नळ्या, चाप, फिरकी. म्हणूनच अशी वस्तू खेळण्यासारखी सुटी करता येते. राजा उचलून बाजूला ठेवता येतो.

मोती सगळ्यात शेवटी. मोती हा शिंपल्यातल्या जिवाने केलेला पदार्थ, चुना आणि थोडं सेंद्रिय द्रव्य यांचा. भट्टीत तो करपून जाईल. म्हणून मोत्याला भोक पाडून त्यातून सोन्याची तार काढायची आणि टोक वळवून अडकवायचं. नथ ओवणाऱ्या कारागिराला हे काम दाखवलं तर त्याला काही समजावून सांगावं लागणार नाही.

आणि हे खडे-मोती होते तरी कुठले? त्या काळी युरोपात चांगला नीलम यायचा तो सिलोनचा. ज्याला तिकडे 'बालास माणिक' म्हणत ते खरं माणिक नव्हतंच. ते आपलं लाल, म्हणजे स्पिनेल, आणि ते मध्य आशियातल्या बदख्शानच्या डोंगरातून यायचं. 'बालास' हा शब्दच बदख्शानचा अपभ्रंश. मोती आखाती. पॅरिसच्या सोनाराच्या पाटावर आशियाचा अर्धा बाजार मांडलेला असायचा.

राजा कोण, आणि तो काचेचा कसा

वर गुडघे टेकून बसलेला राजा म्हणजे फ्रान्सचा सहावा चार्ल्स. जन्म १३६८, गादीवर १३८०, वयाच्या अकराव्या वर्षी. ही वस्तू त्याच्या राणीने, बव्हेरियाच्या इझाबोने, त्याला १ जानेवारी १४०५ रोजी भेट दिली. फ्रेंच दरबारात नव्या वर्षाच्या दिवशी एकमेकांना भेटी द्यायची जबरदस्त चाल होती, दिवाळीतल्या मिठाईच्या खोक्यांसारखी. फक्त खोक्यात सोन्याची देवळं असत. गंमत म्हणजे सरकारी वर्ष तिथे तेव्हा ईस्टरपासून बदलायचं. त्यामुळे जुन्या कागदांत १४०४ दिसतं, आणि अशा भेटींच्या तारखा वाचताना वर्षाचा घोळ होतो.

चार्ल्स वेडा होता. हे शिवी म्हणून नाही, इतिहास म्हणून सांगतोय. ऑगस्ट १३९२ मध्ये ल मां शहराजवळच्या जंगलातून फौज चालली होती. उन्हाने सगळे पेंगत होते. एका पोराच्या हातातला भाला निसटून दुसऱ्याच्या शिरस्त्राणावर खणकन आपटला आणि राजाने तलवार उपसून आपल्याच माणसांवर हल्ला केला. काही जण तिथेच मेले. त्यानंतर तीस वर्षं त्याचे असे झटके येत-जात राहिले. शुद्धीवर असला की चांगला राजा. नसला की बायकोलाही ओळखेना.

पुढे पोप झालेल्या दुसऱ्या पायसने लिहून ठेवलंय की, आपण काचेचे आहोत असं या राजाला वाटायचं. कुणी हात लावला तर फुटू, म्हणून तो कुणाला जवळ येऊ देत नसे, आणि कपड्यांत लोखंडी पट्ट्या शिवून घ्यायचा. हा पोप जन्मला तोच १४०५ साली, म्हणजे त्याने हे ऐकूनच लिहिलं, हे लक्षात ठेवायला हवं. पण आल्टओटिंगची मूर्ती पाहिली की ही गोष्ट डोक्यातून जात नाही. कारण तिथे गुडघे टेकून बसलेला चार्ल्स खरोखर काचेने मढवलेला आहे. शिरस्त्राण काढून दुसऱ्याच्या हाती दिलेलं. खाली घोडा तयार. आणि राजा शांत, हात जोडून, पुरत्या शुद्धीत. इझाबोला नवरा असा हवा होता का? ती काय विचार करत होती हे कागदांत नाही, मी माझ्या पदरचं सांगतोय.

भेट मिळाली जानेवारीत. जुलैत ती राजवाड्यातून बाहेर पडली होती.

झालं असं की राणीचा भाऊ, बव्हेरियाचा लुडविग, फ्रेंच दरबारात होता आणि राजाने त्याला मोठी रक्कम द्यायचं कबूल केलं होतं. तिजोरीत रोकड नव्हती. मग राजाने मेव्हण्याला तारण म्हणून काही वस्तू दिल्या, त्यात सहा महिन्यांपूर्वी बायकोने दिलेली ही भेट. बायकोची भेट, बायकोच्याच भावाकडे गहाण! पैसे आले की सोडवून घेऊ, असा हिशोब असेल. पैसे कधी आलेच नाहीत. १४०७ मध्ये राजाच्या सख्ख्या भावाचा पॅरिसच्या रस्त्यावर खून झाला, यादवी पेटली, १४१५ मध्ये अॅझिन्कूरला इंग्रजांनी फ्रेंच सरदारांची फळीच कापून काढली. गहाणवट सोडवायची कुणाला शुद्ध होती? लुडविगने वस्तू आपल्या इंगोल्श्टाटला नेल्या, आणि १६ व्या शतकाच्या सुरुवातीला घोडुकलं आल्टओटिंगला पोचलं.

ते वाचलं ते केवळ गहाण पडल्यामुळे. ज्या वस्तू फ्रान्समध्ये राहिल्या त्यांचं काय झालं हे सांगायला मराठीत एक शब्द पुरे आहे: मोड. सोनाराकडे जुना दागिना मोडीत देतात तशी राजे लोक सोन्याची देवळं मोडीत देत. युद्ध आलं, पगार थकले, खंडणी द्यायची झाली की टांकसाळीत न्यायचं, वितळवायचं, नाणी पाडायची. खडे काढून वेगळे विकायचे. त्या काळच्या फ्रेंच राजपुत्रांच्या जडजवाहिराच्या याद्या आजही आहेत. पानंच्या पानं मूर्ती, प्याले, देवळं, 'पांढऱ्या मिन्याची अमकी', 'मोत्यांनी मढवलेली तमकी'. यादी आहे, वस्तू नाही. लुडविगने आणलेल्या अशाच आणखी काही मूर्तीही पुढे १८०० च्या आसपास नेपोलियनच्या धामधुमीत वितळवल्या गेल्या. या जातीचं मोठं काम आज जगात बोटांवर मोजण्याइतकं उरलं आहे. एक आल्टओटिंगला, एक हंगेरीत एस्टरगोमच्या खजिन्यात आणि एक लंडनला.

लंडनची मूर्ती आणि व्हिएन्नाचा चोर

लंडनची वस्तू ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. लेकीकडे, भाच्याकडे तिकडे गेलात तर जरूर बघा, प्रवेश फुकट आहे. उंची साधारण ३० सेंटिमीटर. ती एका काट्यासाठी केलेली आहे. येशूच्या डोक्यावर चढवलेला काटेरी मुकुट म्हणून जो मानला जायचा तो फ्रान्सच्या नवव्या लुईने १२३९ साली कॉन्स्टँटिनोपलच्या सम्राटाकडून घेतला आणि त्याच्यासाठी पॅरिसमध्ये सेंत शापेल नावाचं देऊळ बांधलं. पुढच्या राजांनी त्यातला एकेक काटा नातलगांना, मर्जीतल्यांना वाटला. तसाच एक काटा ठेवण्यासाठी १४ व्या शतकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये हे केलं.

काटा मधोमध, नीलमात रोवलेला, स्फटिकाच्या खिडकीआड. भोवती न्यायाचा शेवटचा दिवस रंगवला आहे. वर येशू जखमा दाखवत बसलाय, कडेने बारा शिष्य. पण डोळा अडकतो तो खाली. हिरव्या मिन्याची एक टेकडी, तिच्या उतारावर उघडलेल्या शवपेट्या, आणि त्यांतून चार उघडी माणसं उठतायत. पांढरी, बोटाच्या पेराएवढी. नुकती जाग आली आहे आणि देवदूत तुतारी का फुंकतायत हे अजून कळलेलं नाही, असे त्यांचे चेहरे. हिरव्यावर पांढरं, दोन्ही काच, दोन्ही वेगवेगळ्या वेळी भाजलेली, आणि एकाचाही रंग दुसऱ्यावर ओघळलेला नाही. ज्याने हे केलं त्याचं नाव कुणालाच माहीत नाही. पेंडंट बिघडवणाऱ्याचं मात्र मला चांगलं माहीत आहे.

ही वस्तू पुढे व्हिएन्नाला हॅब्सबर्ग सम्राटांच्या खजिन्यात गेली. १८६० नंतर कधीतरी ती दुरुस्तीसाठी सालोमन वायनिंगर नावाच्या कारागिराकडे दिली. माणूस हाताने असामान्य, नियतीने तितकाच वाईट. त्याने हुबेहूब नकला केल्या, खजिन्यात नक्कल परत केली आणि अस्सल बाजारात उतरवली. ती व्हिएन्नाच्या रॉथशिल्ड या बँकवाल्या घराण्याने घेतली. त्या घरातला फर्डिनंड १८९८ मध्ये वारला तेव्हा मृत्युपत्राने संग्रह ब्रिटिश म्युझियमला मिळाला, आणि अस्सल वस्तू लंडनला आली. तिथेही बराच काळ तिला १६ व्या शतकातलं स्पॅनिश काम समजत होते! व्हिएन्नाच्या लोकांना आपल्याकडची खोटी आहे याचा पत्ता नव्हता, लंडनच्यांना आपल्याकडची खरी आहे याचा. शेवटी १९५९ मध्ये दोन्ही वस्तू लंडनमध्ये शेजारी ठेवून पाहिल्या आणि वाद मिटला. वायनिंगर दुसऱ्याच बनावटीच्या प्रकरणांत १८७६ साली पकडला गेला आणि १८७९ साली तुरुंगात मेला.

तो एकटा नव्हता. १९ व्या शतकाच्या उत्तरार्धात अशा रत्नजडित, मिनेकारी मूर्तींना बँकवाल्या श्रीमंतांकडून एवढी मागणी आली की युरोपभर कारखानेच चालू झाले. जर्मनीतल्या आखेनचा राइनहोल्ड फास्टर्स, पॅरिसचा आल्फ्रेड आंद्रे, अशी नावं. फास्टर्सची हजाराहून जास्त कामाची रेखाचित्रं लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये अनेक वर्षं नुसती पडून होती. १९७० च्या दशकात ती कुणीतरी नीट पाहिली आणि मोठमोठ्या संग्रहालयांतल्या 'पुनरुज्जीवन काळातल्या' वस्तू त्या चित्रांत जशाच्या तशा सापडायला लागल्या. न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममधला शिंपल्याच्या आकाराचा सोन्याचा एक प्रसिद्ध प्याला, जो १६ व्या शतकातला इटालियन सोनार चेल्लिनी याच्या हातचा म्हणून मिरवत होता, तोही फास्टर्सचाच निघाला. त्यामुळे लिलावाच्या यादीत 'जुनी फ्रेंच मिनेकारी मूर्ती' असं वाचलं की पहिला अंदाज १८८० चा करावा, १४०० चा नव्हे.

ओळखायचं कसं? डोळ्याने फसायला होतं, पण रसायन खोटं बोलत नाही. क्रोमियम हा धातू व्होकलँ नावाच्या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने शोधला १७९७ साली. त्याचा हिरवा त्यानंतरच मिन्यात येऊ शकतो. म्हणजे मूर्तीच्या हिरव्या झग्यात क्रोमियम सापडला की ती १४०० ची नाही, किंवा निदान तो झगा तरी नंतरचा आहे. तपासायला तुकडा खरवडावा लागत नाही. क्ष-किरण टाकायचे, प्रत्येक मूलद्रव्य आपापली खूण परत पाठवतं. लक्ष्मी रोडवर सोन्याचं कॅरेट तपासायला जे यंत्र ठेवतात ते याच तत्त्वावर चालतं. मग खडे बघायचे. जुने गोलसर, घासून गुळगुळीत केलेले असतात. त्यांच्यात झगझगीत पैलूचा हिरा दिसला तर तो मागाहून बसवलेला. माणिक अगदीच निर्मळ असेल तर आणखी शंका, कारण कृत्रिम माणिक भट्टीत करायची रीत व्हेर्नॉय या फ्रेंच माणसानेच १९०२ मध्ये जाहीर केली. शेवटी जोडणी. मिना चढल्यानंतर डाख दिल्याची खूण दिसली तर कुणीतरी नंतर हात मारलाय.

घरात मिन्याची जुनी वस्तू असेल तर पाण्यात भिजवून घासू नका, उकळत्या पाण्यात तर मुळीच नको. तडकलेल्या मिन्याच्या फटीत ओल गेली की काच आतून झिजते, दमट हवेत तिला घाम फुटल्यासारखं होतं. मुंबईच्या पावसाळ्यात कपाटात सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या तरी पुष्कळ.

आईचा मोर अजून आहे, दोन पिसं कमी असलेला. मध्यंतरी सोन्याचा भाव वाढला तेव्हा मी म्हटलं, मोडून काहीतरी नवं करू या. ती दुकानात जाऊन चौकशी करून आली. मोडीत घेताना मिन्याचं वजन वजा करतात. हिशोब ऐकून तिने डबी परत कपाटात ठेवली. "काच वजा जाता हातात काय येणार? राहू दे."